बंदर कीं विश्रामगृह?

दिवाळीची किंवा नाताळची सुटी जवळ आली कीं आमच्या मध्यमवर्गीय घरांतून हल्लीं एकच प्रश्न ऐकूं येतो : यंदा समुद्रावर कोठें जावयाचें? आमच्या आजोबांच्या पिढीस हा प्रश्न पडत नसे. हवापालट करावयाचा तर महाबळेश्वर किंवा माथेरान, आणि पुण्य जोडावयाचें तर पंढरी किंवा काशी, अशी त्यांची वांटणी ठरलेली असे. समुद्र हा त्यांच्या लेखीं एक तर ओलांडूं नये असा होता, नाहीं तर आगबोटींत बसून ज्याच्यावरून मुंबईस पोट भरावयास जावयाचें असा होता. समुद्रकांठीं जाऊन नुसतें पाण्यांत डुंबावें व वाळूंत पडून राहावें यांत कांहीं सुख आहे, ही गोष्ट इंग्रजांस अठराव्या शतकांत त्यांच्या वैद्यांनीं शिकविली आणि इंग्रजांपासून ती आम्ही शिकलों. शिकलों याबद्दल आमची मुळींच तक्रार नाहीं. अरबी समुद्राचें पाणी बारा महिने कोमट असतें, मुलांना वाळू आवडते, आणि वर्षभर शहरांतले जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसानें चार दिवस क्षितिजाकडे पाहात बसावें यास कोणताही समंजस मनुष्य हरकत घेणार नाहीं. आमचा वाद आहे तो या सुटीच्या समर्थनार्थ जें तत्त्वज्ञान उभें केलें जातें त्याच्याशीं.

तें तत्त्वज्ञान थोडक्यांत असें : कोंकणचीं जुनीं बंदरें मृतप्राय झालीं आहेत, त्यांना आतां पर्यटकच जिवंत करील, इतिहास हें त्यांचें भांडवल असून सुटीचा पाहुणा हें त्यांचें गिऱ्हाईक होय. कोंकणचा कॅलिफोर्निया करूं ही घोषणा तर आम्ही इतक्या निवडणुकांत ऐकली आहे कीं कॅलिफोर्निया हा कोंकणांतीलच एखादा तालुका असावा असें मुलांस वाटूं लागावें. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ सालीं पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, आणि त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग असे समुद्रावरचे चार किल्ले आहेत. ही गोष्ट प्रत्येक मराठी मनुष्यास अभिमानाची वाटावी. परंतु अभिमानाच्या पाठोपाठ जो हिशेब सुरू होतो तो तटबंदीच्या दुरुस्तीचा क्वचित् असतो. बहुधा तो खोल्यांचा असतो.

आमचें म्हणणें याच्या अगदीं उलट आहे. बंदराचें गांव समुद्रावरच्या आपल्या कामावर जगतें. त्या कामाच्या शेजारीं पाहुणा मावला तर उत्तमच. पण काम उठवून त्याच्या जागीं पाहुणा बसविला तर आधीं रहिवासी जातो, आणि ज्याच्यासाठीं पाहुणा आला तो इतिहासही त्याच्या मागोमाग जातो.

चौलचेंच उदाहरण घ्या. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा मुंबईकर या गांवांतून मोटारीनें कांहीं मिनिटांत निघून जातो. नारळी-पोफळीच्या वाड्या, एखादें देऊळ, आणि पुढें वाळू, एवढेंच त्याच्या नजरेस पडतें. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषा बोलणाऱ्या कोणा नाखव्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची जी जंत्री लिहून ठेवली, तींत चौलचें नांव आहे. टॉलेमीच्या भूगोलांत तें पुन्हां येतें. दहाव्या शतकाच्या आरंभीं अल् मसूदी हा अरब प्रवासी येथें आला. त्यानें या बंदरास सैमूर म्हटलें आहे, आणि तेव्हां येथें बसऱ्याचे, बगदादचे व ओमानचे व्यापारी घरें करून राहिलेले होते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, म्हणजे वास्को द गामा कालिकतास पोंचण्यापूर्वीं दोन-तीन दशकें, अफानासी निकितीन नांवाचा रशियन सौदागर एक घोडा घेऊन चौलच्या धक्क्यावर उतरला. १५०८ सालीं याच बंदरापुढें इजिप्तच्या व गुजराथच्या आरमारांनीं पोर्तुगीजांस गांठलें आणि विसराईचा तरुण मुलगा त्या लढाईंत पडला. त्याचा सूड बापानें त्याच वर्षाच्या अखेरीस दाभोळ जाळून घेतला. १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं रेवदंड्यास किल्ला बांधावयास घेतला, व १७४० सालीं तो मराठ्यांच्या स्वाधीन झाला. याच टापूंत, नवगांवच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज वांचले अशी बेने इस्रायलांची परंपरागत समजूत आहे. ते तेलाचे घाणे चालवीत, शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवानें त्यांस शनिवार तेली हें नांव दिलें, आणि शतकानुशतकें ते आमच्यांतच मराठी बोलत राहिले.

यांतील एकही मनुष्य चौलास हवा खाण्यास आला नव्हता. प्रत्येकजण कामास आला, आणि काम होतें म्हणूनच गांवानें त्यास ठेवून घेतलें. ज्या उदार मिश्रणाचें आम्ही आज कौतुक करतों, तें धक्क्यावरच्या घासाघाशींतून व एकमेकांच्या गरजेतून झालेलें आहे. शनिवारीं दुपारीं येऊन रविवारीं सायंकाळीं परत जाणाऱ्या माणसाची गांवास अशी कोणती गरज असते, आणि त्यास तरी गांवाची काय? मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारीसुद्धां नेणारी बोट सुरू झाली. समुद्राचा हा जुना रस्ता पुन्हां उघडला याचा आम्हांस आनंद आहे. परंतु त्या रस्त्यानें माल येत नाहीं, कारागीर येत नाहीं. येतो तो मुख्यतः कुंपणाआडच्या बंगल्याचा मालक.

आतां मालवणकडे वळूं, कारण तेथें प्रश्न अधिक उघडा दिसतो. मालवणच्या किनाऱ्यावर रापण नांवाची मासेमारीची एक पद्धत आहे. होडी लांबच लांब जाळें घेऊन समुद्रांत अर्धवर्तुळ काढते, जाळ्याचीं दोन्ही टोकें किनाऱ्यावर येतात, आणि पुळणीवर दोन रांगा करून बायका, पुरुष, म्हातारे, पोरें तीं ओढीत आणतात. जें मिळेल त्याचे वांटे पडतात. होडीचा वांटा, जाळ्याचा वांटा, ओढणाऱ्या हातांचा वांटा. सहकाराचीं पुस्तकें आमच्या महाविद्यालयांत येण्यापूर्वींपासून गाबीत लोक हा सहकार चालवीत आले आहेत. या कामास होडी लागते, जाळें लागतें, परंतु सर्वांत अधिक लागते ती मोकळी पुळण. तेथें खुर्च्या व छत्र्यांच्या रांगा मांडल्या, पाण्यांत गुरगुरणाऱ्या यांत्रिक होड्या फिरूं लागल्या, आणि किनाऱ्यालगत कुंपणें आलीं म्हणजे रापण ओढावयाची कोठें? रापणीचा ऱ्हास एकट्या पर्यटकानें केला असें आम्ही म्हणणार नाहीं. यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांनीं समुद्रच उपसून नेला, हें त्याचें मोठें कारण आहे. परंतु पाण्यांत एकानें लुटलेल्यास जमिनीवर दुसऱ्यानें उठवावें, आणि त्यास विकास म्हणावें, ही कोणती न्यायबुद्धि?

कायद्याची दिशाही पाहून ठेवावी. किनाऱ्याचें नियमन करणारी पहिली अधिसूचना केंद्र सरकारनें १९९१ सालीं काढली. २०१९ च्या नव्या अधिसूचनेनें दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत असलेली बांधकामाची मनाई ५० मीटरपर्यंत खालीं आणली, आणि तात्पुरत्या स्वरूपाच्या पर्यटनसोयींस त्या रेषेपासून १० मीटरांवर परवानगी मिळण्याची वाट केली. यामुळें कोळ्यासही आपलें घर वाढवितां येईल असें म्हणतात. येईल, परंतु ज्या जमिनीस चारचौघे बोली लावतात तीवर कोळ्याचें घर किती दिवस उभें राहतें, हें मुंबईच्या कोळीवाड्यांस विचारावें.

येथें आमचे प्रतिपक्षी सरसावून म्हणतील कीं, प्राध्यापकमहाशय, तुमचा पगार बॅंकेंत जमा होतो. उपाशी गांवास इतिहास सांगूं नका. हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. कोंकणांतील तीन-तीन पिढ्यांनीं मुंबईच्या गिरण्यांत आयुष्यें घालविलीं, तीं कांहीं हौसेखातर नव्हेत. आज तारकर्लीस किंवा गुहागरास एखादी गृहिणी आपल्या माजघराशेजारच्या दोन खोल्या पाहुण्यांस देते, घावणे घालते, आणि तिचा मुलगा मुंबईची वाट न धरतां घरीं राहतो. अशा उद्योगाविरुद्ध एक अक्षरही लिहावयाचें आमच्या मनांत नाहीं. तिच्या घरीं उतरणारा पाहुणा खरोखरच पाहुणा असतो. त्याला बांगडा कोणत्या महिन्यांत येतो हें कळतें, सायंकाळीं ओटीवर बसून दोन गोष्टी ऐकाव्या लागतात, आणि देवळांतल्या पालखीस हातही लावावा लागतो. आमचा रोख आहे तो गांवाच्या सर्व उपजीविका मोडून एकच उपजीविका शिल्लक ठेवण्यावर. ती किती ठिसूळ आहे हें २०२० च्या मार्च महिन्यांत एका रात्रींत दिसून आलें. सारा देश बंद झाला आणि ज्यांच्यापाशीं केवळ खोल्या होत्या त्यांच्यापाशीं केवळ खोल्याच उरल्या. शिवाय दरसाल चार महिने पावसाळा आहेच. ज्याच्यापाशीं होडी, थोडी भातजमीन, चार कलमें व दोन खोल्या आहेत, तो मनुष्य एक बुडालें तर दुसऱ्यावर तरतो. कोंकणी माणसाचा हा पिढीजात शहाणपणा आहे. त्यास मागासलेपणा समजणारे लोक कोणत्या अर्थशास्त्राचे विद्यार्थी आहेत हें आम्हांस ठाऊक नाहीं.

आम्ही उगाच भय दाखवितों असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं, कॅलिफोर्निया दूर राहूं द्या, एड्रियाटिक समुद्राच्या दोन्ही कांठांवर जाऊन यावें. ऐतिहासिक बंदर, कोमट पाणी आणि सुटी या त्रिवेणीचा प्रयोग तेथें आमच्या किती तरी आधीं करून झाला आहे. क्रोएशियांतील डुब्रोवनिक हें एके काळीं रागुसा नांवाचें स्वतंत्र प्रजासत्ताक होतें. बलाढ्य व्हेनिस व तुर्क सुलतान या दोघांच्या मध्यें तें केवळ आपल्या जहाजांच्या व मुत्सद्द्यांच्या जोरावर टिकलें, आणि १८०८ सालीं नेपोलियनच्या सेनानीनें तें मोडलें. १९९१ सालीं त्यास वेढा पडला, जुन्या शहरावर तोफगोळे आदळले, तरी लोक राहिले. त्या वेळीं तटबंदीच्या आंत सुमारें ५००० वस्ती होती. आज ती १५०० च्या आसपास उरली आहे. म्हणजे तोफांनीं जें केलें नाहीं तें खोल्यांच्या भाड्यानें केलें. घर स्वतः राहण्यापेक्षां पाहुण्यास देणें अधिक किफायतशीर झालें कीं शेजारी जातो, शेजारी गेला कीं वाणी जातो, आणि मग म्हाताऱ्या बाईस दुधासाठीं तटाबाहेर जावें लागतें. २०१९ पासून तेथें प्रवासी जहाजांवर मर्यादा घालावी लागली. मौजेची गोष्ट अशी कीं आतां तेथें येणारे पुष्कळजण रागुसाचा इतिहास पाहण्यासाठीं येतच नाहींत. एका दूरचित्रवाणी मालिकेंत त्या शहरानें जें कल्पित नगर वठविलें त्या नगराचे जिने पाहण्यास ते येतात. व्हेनिसची कथा याहून मोठी व दुःखद आहे. १९५१ सालीं त्याच्या ऐतिहासिक भागांत पावणेदोन लाख माणसें राहात होतीं. २०२२ सालीं तीं ५०००० हूनही कमी झालीं. २०२१ मध्यें प्रचंड जहाजांस शहराच्या मुख्य जलमार्गांतून बंदी झाली, आणि २०२४ मध्यें ठराविक दिवशीं एका दिवसापुरतें येणाऱ्यांकडून पांच युरो प्रवेशकर घेण्यास सुरुवात झाली. शहरांत शिरावयास तिकीट! संग्रहालयास तिकीट असतें, हें आम्हांस ठाऊक होतें.

आमच्या मालवणास किंवा हर्णैस ही दशा अद्याप आलेली नाहीं. हर्णैच्या किनाऱ्यावर आजही मासळीचा लिलाव होतो, आणि सुवर्णदुर्ग त्यामागें उभा असतो. पाहुणे त्या लिलावाचीं छायाचित्रें घेतात आणि लगेच नाकाला रुमाल लावतात. ताटांतला पापलेट हवा, परंतु वाळत घातलेल्या मासळीचा वास मात्र नको, अशी तक्रार सुशिक्षित मंडळींकडून आम्हीं स्वतः ऐकली आहे. तो वास जेव्हां खरोखरच नाहींसा होईल तेव्हां हर्णै हें बंदर राहिलेलें नसेल, एवढें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

दुसरा मुद्दा इतिहासाचा, आणि शिक्षकाच्या पेशामुळें तो आम्हांस अधिक झोंबतो. पर्यटनामुळें इतिहास लोकांपर्यंत पोंचतो असें म्हणतात. कोणता इतिहास पोंचतो? विजयदुर्गास जाणाऱ्या प्रत्येकास हमखास सांगितलें जातें कीं १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं लॉकियर नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें या किल्ल्यांतून हेलियम वायूचा शोध लावला. या समजावर समारंभही झाले आहेत. वस्तुस्थिति अशी कीं त्या ग्रहणाच्या वेळीं फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन हा गुंटूरास होता, इंग्रजांपैकीं हर्शेल जमखिंडीस होता, आणि लॉकियर इंग्लंडांत होता. लॉकियरनें ऑक्टोबर १८६८ मध्यें, ग्रहण नसतांना, तिकडूनच सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यांतील एका पिवळ्या रेषेवरून पुढें हेलियमची कल्पना निघाली, आणि १८९५ सालीं रॅम्सेनें तो वायु पृथ्वीवर दाखवून दिला. मग विजयदुर्गाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो सुरस आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं हाच लॉकियर, आतां वृद्धत्वाकडे झुकलेला, आपलीं यंत्रें घेऊन खरोखरच विजयदुर्गास आला, आणि ब्रिटिश आरमारी जहाजावरच्या खलाशांस त्यानें वेधाचें काम शिकविलें. जेथें कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा नांगरल्या जात, जो किल्ला १७५६ सालीं पेशव्यांच्या संमतीनें इंग्रजी तोफांनीं घेतला, त्याच किल्ल्यांत इंग्रज खलाशी सूर्याकडे दुर्बिणी लावून बसले आहेत, हें दृश्य कोणत्याही बनावट दंतकथेपेक्षां अधिक विलक्षण नाहीं काय? परंतु खरें सांगावयास दोन सनावळ्या व पांच मिनिटें लागतात, आणि होडी सुटण्याची वेळ झालेली असते.

जंजिऱ्याचेंही तेंच. राजपुरीहून शिडाच्या होडींतून जाणें हा अनुभव सुंदर आहे. पण सिद्दी कोण होते, आफ्रिकेंतून आलेल्या या दर्यावर्द्यांनीं तो किल्ला १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत कसा राखला, यापेक्षां कोणती तोफ किती कोस मारा करीत असे याच्या चढत्या भाजणींतल्या गप्पाच अधिक खपतात.

आणि घाईनें उभारलेल्या देखाव्याचें काय होतें याचा पाठ तर मालवणच्या राजकोटानें साऱ्या महाराष्ट्रास दिला. नौदल दिनाच्या निमित्तानें तेथें ४ डिसेंबर २०२३ रोजीं शिवछत्रपतींच्या ज्या पुतळ्याचें अनावरण झालें तो २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. समोर पाण्यांत, १६६४ सालीं पायाभरणी झालेला महाराजांचा सिंधुदुर्ग साडेतीन शतकांचे पावसाळे खात उभा होता. पुढें २०२५ मध्यें नवा व अधिक उंच पुतळा उभा राहिला. तो टिको अशीच आमची इच्छा आहे. परंतु त्या किल्ल्याचे कोसळणारे चिरे सांवरणें, आंत पिढ्यान् पिढ्या राहात आलेल्या कुटुंबांस पाणी व शाळा यांची सोय करून देणें, हीं कामें पुतळ्यापेक्षां महाराजांस अधिक आवडलीं असतीं असें आम्हांस वाटतें. आरमाराच्या व्यवस्थेंत ते किती बारीक लक्ष घालीत हें सर्वश्रुत आहे.

सरकारकडे बोट दाखवून आम्ही सुशिक्षितांस मोकळे सोडूं इच्छीत नाहीं. कोंकणची जमीन जे विकतात ते बहुतेक परके नव्हेत. ते आमचेच चाकरमानी, आमचेच वर्गमित्र, आमचेच आतेभाऊ-मामेभाऊ आहेत. गणपतीला व शिमग्याला ज्या घरीं आजी वाट पाहात असे तें घर तिच्या पश्चात् चार भावांस नकोसें होतें. मग एखादा दलाल येतो, सातबाऱ्यावरचीं नांवें बदलतात, आणि पुढल्या सुटींत हाच गृहस्थ आपल्याच आजोबांच्या वाडींत बांधलेल्या विश्रामगृहांत दामदुप्पट भाडें भरून उतरतो व मुलांस सांगतो कीं आपलें मूळ गांव येथेंच जवळ होतें. ज्यांस घर विकल्याखेरीज गत्यंतर नाहीं त्यांस आम्ही दोष देत नाहीं. ज्यांस आहे त्यांनीं तें गांवांतल्याच कोणास राहावयास द्यावें, निदान कुळाच्या मुलास आधीं विचारावें, एवढें त्यांच्या हातीं आहे.

बाकी मागण्या आम्ही थोड्याच करतों. रापण ओढण्याच्या, होड्या शाकारण्याच्या व मासळी वाळविण्याच्या जागा गांवसभेनें नकाशावर आंखून घ्याव्या व त्यांवर खुर्ची काय, पुतळाही मांडूं देऊं नये. धक्क्यावर मासेमारी होडीचा हक्क पहिला, सहलीच्या होडीचा दुसरा. प्रवाशांकडून जो पैसा घेतला जाईल तो त्याच गांवाच्या धक्क्यावर व तटबंदीवर खर्च व्हावा. आणि वाटाड्यांस परवाना देण्यापूर्वीं त्यांस आपल्या बंदराचा खरा इतिहास शिकवावा. आमच्यासारख्या रिकामटेकड्या प्राध्यापकांस सुटींत या कामीं लावलें तर आम्ही आनंदानें जाऊं.

ज्या वाचकांस यंदा समुद्रावर जावयाचेंच आहे त्यांनीं नाताळची गर्दी टाळून एकदां नारळी पौर्णिमेच्या सुमारास जावें. जून-जुलैची मासेमारी-बंदी संपलेली असते, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांवर तेलाचा हात फिरत असतो, घरोघरीं जाळ्यांची तुणतुण चाललेली असते, आणि समुद्र अद्याप इतका खवळलेला असतो कीं पोहावयाचें नांवही काढतां येत नाहीं. सिंधुदुर्गाची होडी त्या दिवसांत बहुधा सुटत नाहीं. किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागतो. खोल्या मात्र स्वस्त मिळतात.